साडेबारा टक्क्यांचा भूखंड : सहीआधी वकील गाठा

करंजाड्यातल्या कित्येक इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. हा हक्क फुकट मिळालेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे १९९० मध्ये योजना आली.

हिशेब साधा आहे. एकराला पाच गुंठे. सामाजिक सुविधांची कपात जाता हाती साडेतीन.

मग बिल्डर दारात येतो. "काका, इथं फक्त एक सही करा." इथेच थांबावे. सर्व वारसांची नावे लागली का? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीला वगळून केलेला करार पुढे कोर्टात अडकतो. सदनिका किती, कधी मिळणार, उशीर झाला तर भाडे कोण देणार, हे लेखी आहे का? करार नोंदवला का? कुलमुखत्यारपत्र तर न वाचता देऊच नये.

वकिलाची फी परवडत नाही? तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सरपंचांनी ग्रामसभेत हे वाचून दाखवावे. जमीन एकदा गेली. आता कागदाने भूखंड जायला नको.