सवलत आणि जबाबदारी

सूर्याचा सारथि जो अरुण, त्यास अमरकोशांत ‘अनूरु’ म्हणजे मांड्या नसलेला असें एक नांव दिलेलें आहे. त्याची कथा महाभारताच्या आदिपर्वांत येते. विनतेनें उतावळेपणानें अंडें वेळेआधीं फोडलें, आणि आंतून अर्धवट वाढलेला पुत्र बाहेर पडला. पुढें तोच सूर्याच्या रथावर सारथि झाला. ही कथा आम्हीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली, ती उतावळेपणा वाईट एवढेंच शिकविण्यासाठीं. तिचा उत्तरार्धच अधिक मोलाचा आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. सूर्यानें अरुणास कींव म्हणून रथांत मागें बसविलें नाहीं. पुढें बसवून लगाम त्याच्या हातीं दिले. सारथ्यास हात लागतात, डोळे लागतात, धैर्य लागतें. मांड्यांवांचून त्याचें अडत नाहीं.

हा उत्तरार्ध आम्हांस शिकविला तो आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें. लहानपणीं पोलिओ होऊन त्याचा उजवा पाय लुळा पडला होता. बुद्धि चलाख, अक्षर मोत्यासारखें. आम्हीं त्याच्यावर माया केली, ती अशी: वर्गनायक निवडतांना त्याचें नांव गाळलें, कां कीं वर्गनायकास जिने चढावे लागतात, सहलीस त्याला नेलें नाहीं, कां कीं त्याला त्रास होईल, स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवण्याचें काम तो आपण होऊन मागत असतां तें दुसऱ्यास दिलें, कां कीं त्यासाठीं बाजारांत हिंडावें लागतें. पुढें तो एका कचेरींत राखीव जागेवर कारकून म्हणून लागला. त्यानें आणलेले पेढे आम्हीं आनंदानें खाल्ले, आणि गंगेंत घोडें न्हालें असें मानून स्वस्थ झालों.

वीस वर्षांनंतर कांहीं कामानिमित्त त्या कचेरींत गेलों, तों हा त्याच टेबलापाशीं, त्याच आवक-जावक नोंदवहीवर बसलेला. त्याच्या मागून आलेले दोघे त्याचे वरिष्ठ झाले होते. त्याचा कोणीं छळ केला होता असें नाहीं. साहेब भले होते. ‘तुम्ही कशाला त्रास घेतां?’ असें म्हणून त्यांनीं त्याला कधीं तपासणीच्या फेरीवर धाडलें नाहीं, प्रशिक्षणास पाठविलें नाहीं, हिशेबाचें काम सोंपविलें नाहीं. मग बढतीची वेळ आली, तेव्हां ‘पुरेसा अनुभव नाहीं’ असा शेरा पडला. हें सर्व सांगून तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, सुरुवात आपल्या वर्गांत झाली. आपण माझा त्रास वांचविलात. पण त्रासाबरोबर कामही वांचलें.”

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

नोकरी लागणें ही एक गोष्ट आणि नोकरींत वाढणें ही दुसरी. अपंगांचा विचार करतांना आपण पहिलीपाशींच थांबतों. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर, मुका इत्यादिकांस वडिलार्जित धनाचा वांटा नाकारला आहे. आणि लागलीच त्यांस अन्नवस्त्र दिलेंच पाहिजे, न देणारा पतित होतो, असेंही बजाविलें आहे. पोटास द्यावें, परंतु अधिकार देऊं नये, ही ती वृत्ति. स्मृतींचा काळ गेला. ही वृत्ति मात्र घरांत आणि कचेरींत अद्यापि सुखानें नांदत आहे.

कायद्यानें हें अंतर ओळखलें आहे. अपंगांना समान संधि देण्यासाठीं केलेला 1995 सालचा कायदा 1996 च्या फेब्रुवारींत अमलांत आला, आणि त्यानें सरकारी नोकरींत 3 टक्के जागा राखल्या. त्याच्या जागीं आलेला 2016 सालचा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यानें अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठीं राखीव जागा निदान 4 टक्के ठरविल्या. परंतु आमच्या मतें त्याचें 20 वें कलम अधिक महत्त्वाचें. केवळ अपंगत्वावरून कोणाही सरकारी नोकराची बढती नाकारतां येत नाहीं. सेवेंत असतां अपंगत्व आलें, तर त्यास काढतां येत नाहीं, खालच्या पदावर उतरवितांही येत नाहीं. पूर्वीचें काम जमेनासें झालें, तर त्याच वेतनश्रेणींत दुसरें काम द्यावें. तेंही नसेल, तर तशी जागा मिळेपर्यंत वा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठीं जादा पद निर्माण करावें, असा दंडक आहे.

कायदा कागदावर असून भागत नाहीं. तो मागावा लागतो. केरळच्या पोलीस खात्यांत पोलिओनें पाय अधू झालेली एक स्त्री 1996 सालीं टंकलेखिका म्हणून लागली. ही नेमणूक राखीव जागेवर नव्हती. भाऊ सेवेंत असतां वारला, म्हणून अनुकंपेनें झाली होती. तिनें बढतींत आरक्षण मागितलें, तेव्हां तें नाकारण्यांत आलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि 28 जून 2021 रोजीं निर्णय झाला कीं, नेमणूक कोणत्याही मार्गानें झालेली असो, अपंग नोकरास बढतींतील आरक्षण मिळालें पाहिजे. नेमणुकीपासून निकालापर्यंत 25 वर्षें गेलीं!

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट अनेकांस ठाऊक असेल. वयाच्या सहाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. 2016 सालीं केंद्रीय सेवा परीक्षेंत त्यांचा 773 वा क्रमांक आला. रेल्वेच्या हिशेब-सेवेसाठीं त्यांची निवड झाली, पण पूर्ण अंधत्वामुळें ती नोकरी त्यांस मिळाली नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 124 वा क्रमांक मिळविला, आणि 2019 सालीं तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रें हातीं घेतलीं. हिशेबाच्या वह्या जिला देण्यास संकोच झाला, तिच्या हातीं कारभार आला.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. सोय देणें निराळें आणि कामांतून सूट देणें निराळें. जिन्याजवळ उतार बांधणें, बसण्याची जागा तळमजल्यावर देणें, बहिऱ्यासाठीं सूचना लेखी काढणें, ही सोय झाली. ती हक्कानें मागावी. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ नांवाची प्रणाली तर विनामूल्य मिळते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें 2006 सालीं ती आरंभिली. सोय मिळाल्यानें माणूस कामापर्यंत पोंचतो; सूट मिळाल्यानें तो कामापासून दुरावतो. पहिलीनें सेवा वाढते, दुसरीनें ती खुंटते.

म्हणून नोकरींत शिरणाऱ्या अपंग तरुणांस आमचें सांगणें आहे: कोणती सोय लागेल तें पहिल्या महिन्यांतच लेखी कळवावें. ज्या कामाच्या अनुभवावर बढती ठरते, तें काम मागून घ्यावें, आणि तें मागितल्याचा कागद जपून ठेवावा. खात्याच्या परीक्षा टाळूं नयेत. आपण केलेल्या कामाची नोंद आपणच ठेवावी. अन्याय झाल्यास सरकारी कचेरींत त्यासाठीं नेमलेल्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे जावें; खासगी संस्थेंत असाल, तर समान संधीचें धोरण प्रसिद्ध करणें कायद्यानें तिलाही भाग आहे, तें पाहण्यास मागावें.

आणि आईबापांस सांगणें असें कीं, याचा आरंभ घरांत आहे. ज्या मुलास बँकेंत जाऊं दिलें नाहीं, पाहुण्यांचें आगतस्वागत करूं दिलें नाहीं, चार रुपयांचा हिशेब चुकूं दिला नाहीं, त्यानें पुढें साहेबापाशीं जबाबदारी मागावी कशी? भावंडांस कामें वांटतां, तेव्हां त्याच्याही वांट्यास एक काम येऊं द्या. तें चुकलें तर इतरांस बोलतां तसें त्यालाही बोला.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें त्या भेटीनंतर हिशेबाचें काम लेखी अर्ज करून मागितलें. दोन अर्ज दप्तरीं दाखल झाले. तिसऱ्यावर काम मिळालें. यंदा तो खात्याच्या परीक्षेस बसला आहे. अभ्यासाच्या शंका घेऊन तो मधून मधून आमच्याकडे येतो. आमचें घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वीं तो आला, कीं आम्हीच खालीं उतरत असूं, आतां तो विचारतो, “गुरुजी, वर येऊं ना?” आणि आम्ही ‘ये’ म्हणतों. कठड्याचा मोडका भाग तेवढा आम्हीं दुरुस्त करून घेतला आहे.