डायला नायट्रोजनचं कवच

कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या फाउंड्री-मशीनिंगच्या पट्ट्यात डाय झिजली की उत्पादन अडतं. म्हणून एच-१३ स्टीलच्या डायला प्लाझ्मा नायट्रायडिंग करून घेणं शहाणपणाचं. निर्वात भट्टीत नायट्रोजन-हायड्रोजन सोडून काहीशे व्होल्ट दिले, की जॉबभोवती जांभळट प्रभा पसरते आणि नायट्रोजन पोलादात मुरतो. तापमान साधारण ५०० अंश सेल्सिअस. तेलात किंवा पाण्यात विझवणं नाही, त्यामुळे माप फारसं हलत नाही. थर जेमतेम ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, कठिणता मात्र १००० विकर्सच्या आसपास! गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हे तंत्र देशातल्या उद्योगांपर्यंत नेलं. डाय पाठवताना ती तेलकट नको. आणि टेंपरिंग नायट्रायडिंगपेक्षा वरच्या तापमानाला झालेलं हवं, नाहीतर गाभा मऊ पडतो.