जुन्या नियमपुस्तिकांची जुळवाजुळव

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. लाकडाच्या रेषा छापलेल्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, किंमत दहा डॉलर. मात्र एवढ्यावर खेळ उभा राहत नाही. लढाईसाठी १९७१ची ‘चेनमेल’ ही पुस्तिका हाताशी असेल, असे त्यात गृहीत धरले आहे. रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच खेळाचा पट सुचवला आहे. लढाईची पर्यायी पद्धत दिली असली, तरी आधी वार कोणी करायचा हे ती सांगत नाही. सुरुवातीच्या मुद्रणांत ‘हॉबिट’ आहेत. टोल्किनच्या साहित्याच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर या हॉबिटांचे ‘हाफलिंग’ झाले. मुद्रण जुने की नंतरचे, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

१९७७मध्ये एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी नियम नीट लावून दिले, पण ते पात्रांच्या पहिल्या तीन पातळ्यांपुरतेच. या संचाच्या काही खोक्यांत फाशांचा तुटवडा पडल्याने आकड्यांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातलेल्या असत. याच खेळाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ शाखेचे तीन जाड ग्रंथ १९७७ ते १९७९ या काळात आले. त्यांत तपशील भरपूर आहे, पण खेळ चालू असताना हवा तो नियम चटकन सापडत नाही.

खेळवण्यासाठी सर्वांत सोयीची जोडी १९८१ची. टॉम मोल्डव्हे यांची ‘बेसिक’ पुस्तिका पातळी १ ते ३ साठी, तर डेव्हिड कुक आणि स्टीव्ह मार्श यांची ‘एक्स्पर्ट’ ४ ते १४ साठी. दोन्ही ६४ पानांच्या. पानांना तीन भोके पाडलेली आहेत, ती दोन्हींची पाने एकाच फायलीत लावता यावीत म्हणून.

या जोडीतले भुयाराचे नियम हिशेबी आहेत. दहा मिनिटांची एक पाळी असते आणि मशाल सहा पाळ्या जळते. दर दोन पाळ्यांनी खेळ चालवणारा, म्हणजे डन्जन मास्टर, सहा बाजूंचा फासा टाकतो. एक पडला की भटका राक्षस समोर येतो. तो चाल करून येईल की बोलणी करील, हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरते. अनुभवाचे गुण मारामारीपेक्षा खजिन्यातून जास्त मिळतात. त्यामुळे जाणते खेळाडू तलवार शक्यतो म्यानातच ठेवतात.

जुनी प्रत घेताना पिना गंजल्या आहेत का, मधली पाने सुटली आहेत का, हे पाहावे. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसपुस्तिकेचे मुखपृष्ठ सुटे असते आणि नकाशा त्याच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. मुखपृष्ठ हरवले असेल, तर नकाशाही गेला. जुन्या खोक्यांतल्या फाशांवरचे आकडे न रंगवलेले असतात. ते दिसावेत म्हणून खोक्यात मेणखडू देत. तो आकड्यांच्या खाचांत घासून जादा मेण पुसून टाकायचे. खोक्यातला खडू नसला तरी बिघडत नाही, कोणताही मेणखडू चालतो.

दुर्मीळ मुद्रणांचे मोल संग्राहकाला. टेबलावर खेळणाऱ्यांना १९८१ची जोडी पुरते. ती मिळाली नाही, तर तेच नियम नव्याने मांडणारे २०१९चे ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ घ्यावे आणि खेळाला बसावे.