मेंदूच्या फोटोत मन दिसतं का?

लखनौचं अलीगंज तिथल्या जुन्या हनुमान मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे 'बडा मंगल'ला, दर्शनासाठी रीघ लागते आणि रस्तोरस्ती पुरी-भाजीचे भंडारे सुरू होतात. त्या गर्दीत घरातल्या माणसाच्या मनाच्या दुखण्यासाठी हात जोडणारेही असणारच. गोमती ओलांडून चौकाकडे गेलं की किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ लागतं. १९११ साली कॉलेज म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत मानसोपचार विभाग आहे आणि वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी वेगळा विभागही आहे.

समजा, अलीगंजमधल्या एखाद्या घरातला विशीतला मुलगा अचानक कॉलेजला जायचा बंद झाला. खोलीबाहेर येत नाही, रात्र रात्र जागतो, कुणीतरी कानात बोलतं म्हणतो. आई-वडील त्याला घेऊन डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर तासभर प्रश्न विचारतात आणि गोळ्या लिहून देतात. वडील मात्र अस्वस्थ होतात. "नुसतं बोलून आजार कसा कळला? डोक्याचा स्कॅन का नाही काढत?"

हा प्रश्न लखनौत विचारला जातो तसाच नागपुरात आणि साताऱ्यातही. तो चुकीचा नाही. हाड मोडलं की एक्स-रे काढतात, मग मन बिघडलं तर मेंदूचा फोटो का नको?

सुरुवात मोठ्या आशेनं झाली

जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात निघाला. या यंत्राचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. १९७६ मध्ये डॉ. ईव्ह जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या १७ जुन्या रुग्णांचे स्कॅन तपासले. त्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या दिसल्या. मनाच्या आजाराची खूण फोटोत सापडली, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

पुढे एम.आर.आय. आला. मेंदूचा कोणता भाग कामात आहे, हे रंगीत ठिपक्यांनी दाखवणारी तंत्रंही आली. मग निदान अजून गप्पांवरच का?

सरासरी वेगळी, माणूस वेगळा

एक साधं उदाहरण घ्या. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते. पण एखाद्या व्यक्तीची नुसती उंची सांगितली, तर ती बाई की पुरुष हे पक्कं सांगता येईल का? मेंदूचंही तसंच आहे. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसं यांच्या सरासरीत फरक दिसतो. पण मोठ्या पोकळ्या असलेली कित्येक माणसं ठणठणीत असतात आणि कित्येक रुग्णांचा स्कॅन अगदी स्वच्छ येतो.

रंगीत ठिपक्यांचीही गंमत आहे. तो फोटो नसून गणिताने काढलेलं चित्र असतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची चित्रं 'दाखवली'. गणितात नेहमीची काळजी घेतली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ठिपके उजळतात, हे त्यांनी दाखवून दिलं!

२०२२ साली 'नेचर' मासिकात सुमारे ५० हजार लोकांच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूची रचना आणि माणसाचं वागणं यांचा संबंध खात्रीनं सांगायचा तर हजारो माणसं तपासावी लागतात. पाच-पन्नास जणांवरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत, असं त्यातून दिसलं. म्हणूनच उदासीनता, चिंतारोग किंवा स्किझोफ्रेनिया यांचं निदान आजही लक्षणं, त्यांचा काळ आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत यांवरूनच होतं.

मग स्कॅन कधी हवा?

याचा अर्थ स्कॅन निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. मनाचा वाटणारा आजार कधी कधी मेंदूतल्या दुसऱ्याच बिघाडाचा असतो. गाठ असेल, रक्तस्राव असेल, तर तो स्कॅनमध्येच कळतो. आजोबा बाथरूममध्ये पडले, तेव्हा काही झालं नाही. महिन्याभरानं मात्र ते गप्प राहू लागले, विसरू लागले. हे वय नव्हे, डोक्यात साठलेलं रक्त असू शकतं, आणि ते वेळीच काढलं तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेली जंताची अंडी मेंदूत गाठी करतात. ही बाधा शाकाहारी माणसालाही होते.

म्हणून झटके येत असतील, डोक्याला मार लागला असेल, हातपाय लुळे पडत असतील, तापात बडबड सुरू झाली असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच स्वभाव पालटला असेल, तर डॉक्टर स्कॅन सांगतात. तो टाळू नका. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही तितकीच महत्त्वाची आहे आणि स्कॅनपेक्षा खूप स्वस्तही.

'नॉर्मल' रिपोर्टचा घोळ

खरा धोका पुढेच आहे. हट्टानं स्कॅन काढला आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरातले म्हणतात, "बघ, तुला काही झालेलं नाही. नाटकं बंद कर." गोळ्या थांबतात. सुनेला कामचुकार ठरवलं जातं, मुलाला आळशी. त्यांचं दुखणं मात्र तसंच राहतं आणि आता ते सांगायलाही कुणी उरत नाही.

नॉर्मल स्कॅनचा अर्थ एवढाच, की गाठ, रक्तस्राव असं काही दिसलं नाही. आजार नाही, असा तो दाखला नव्हे. अर्धशिशीच्या रुग्णाचा स्कॅनही बहुधा स्वच्छच असतो. म्हणून त्याचं डोकं दुखत नाही असं आपण म्हणतो का?

डॉक्टरांकडे जाताना फायलीबरोबर एक वहीही न्या. झोप कधीपासून बिघडली, जेवण किती, कोणत्या गोष्टी बंद झाल्या, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे तारखांसह लिहून ठेवा. "हा स्कॅन कशासाठी? त्यानं उपचार बदलणार आहे का?" असं डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. कुणाकडे जावं ते सुचत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि त्या मुलाच्या वडिलांना एवढंच सांगायचं, की डॉक्टरांनी तासभर विचारलेले प्रश्न म्हणजे 'नुसतं बोलणं' नव्हतं. तीच तपासणी होती.