सहलीतले हॉटेल आणि पोट

सुट्टीनंतरच्या सोमवारी तुळिंजच्या माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण हमखास येतात. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या उद्यानाची सहल, दिवसभराचे ऊन आणि वाटेत नवनवी हॉटेले चाखण्याची हौस! हौस जरूर करावी. पण अन्न ताजे, वाफाळते घ्यावे. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात जंतू विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बर्फ व कापून ठेवलेली फळे टाळावीत.

जुलाबात पाणी तोडल्यामुळे मलूल झालेली मुले मी पाहिली आहेत. पाणी तोडू नये. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. लघवी कमी झाल्यास मात्र ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.