यीस्टजन्य तेल आणि जैवडिझेल

'तेल' हा शब्द मुळात तिळाचा. संस्कृत 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे करडई, भुईमूग, सरकी यांच्या स्निग्ध द्रवासही तेच नाव मिळाले आणि अखेरीस भूगर्भातील खनिज द्रवही 'तेल' ठरला. या अर्थविस्ताराची अगदी पुढची पायरी म्हणजे यीस्ट या एकपेशीय बुरशीत साठणारे तेल. त्यापासून जैवडिझेल तयार करता येते. ते कसे, आणि 'तेल' हे नाव येथे कितपत साजते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रसायनदृष्ट्या हे नाव यथार्थ होय. ग्लिसरॉलच्या एका रेणूस मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले, ही वनस्पतितेलाची घडण येथेही आढळते. पामिटिक, ओलेइक, लिनोलेइक ही मेदाम्लेही परिचितच आहेत. मात्र सर्वच यीस्ट तेल साठवीत नाहीत. ज्यांच्या शुष्क वजनात २० टक्क्यांहून अधिक मेद साठतो, त्यांनाच तैलधारी म्हणतात. यॅरोविया लिपोलिटिका, लायपोमायसीस स्टार्की व ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस या त्यांतील प्रमुख जाती. अनुकूल स्थितीत काहींत हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही वर जाते.

या साठवणीचे कारण मनोवेधक आहे. पोषक द्रावणात साखर मुबलक, पण नायट्रोजन मोजकाच ठेवतात. नायट्रोजन संपला की नवी प्रथिने बनत नाहीत व पेशींचे विभाजन थांबते. साखर मात्र आत येतच राहते. अशा वेळी पेशीत सायट्रिक आम्ल साचते. एक विशिष्ट एंझाइम त्याचे विभाजन करते आणि त्यातून मिळणाऱ्या घटकापासून मेदाम्ले घडतात. पावाच्या यीस्टमध्ये हे एंझाइम नसते. म्हणून ते असे पुष्ट होत नाही.

पेशी फोडून काढलेले तेल दाट असल्यामुळे इंजिनात त्याचा बारीक फवारा नीट होत नाही. म्हणून उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याची मिथेनॉलशी विक्रिया घडवितात. मेदाम्ले ग्लिसरॉलला सोडून मिथेनॉलशी संयोग पावतात. जे पातळ एस्टर तयार होतात, तेच जैवडिझेल. १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरॉल मागे उरते, आणि काही तैलधारी यीस्ट त्या ग्लिसरॉलवरही वाढतात.

येथवर सारे सुरळीत दिसते. परंतु याच ठिकाणी शब्द आपली दिशाभूल करतो. 'तेल' म्हटले की तेलबियांचे शेत डोळ्यांपुढे येते. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कार्बन घेते. यीस्टला मात्र आयती साखर भरवावी लागते. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून तत्त्वतः सुमारे ३२ ग्रॅम तेल मिळू शकते. प्रत्यक्षात ते सामान्यतः २० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एक किलो तेलास पाच किलो साखर! यीस्ट हे शेत नव्हे, घाणा आहे. घाण्यात काय घालावयाचे, हाच खरा प्रश्न.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत मेदाची टंचाई पडली, तेव्हा यीस्टपासून मेद मिळविण्याचे प्रयत्न झाले. निकडीच्या वेळी खर्चाचा हिशेब मागे पडतो. इंधनाच्या बाबतीत तसे करून चालणार नाही. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेविले. ज्या देशात खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयातीने भागतो, तेथे खाद्यतेल इंजिनात जाळणे परवडणारे नाही. आणि खाण्याची साखर यीस्टला घालणे हीदेखील त्याच चुकीची दुसरी बाजू होय. म्हणून उसाच्या चिपाडांतील सेल्युलोजचे विघटन करून साखर मिळविण्याकडे संशोधकांचे लक्ष आहे. तेथेही अडचणी आहेतच : विघटनात यीस्टला बाधक द्रव्ये निर्माण होतात, आणि साखर कारखान्यांत चिपाडे आधीच बाष्पकासाठी जळण म्हणून वापरली जातात. ज्याला आपण 'टाकाऊ' म्हणतो, ते बहुधा कोणाच्या तरी उपयोगात असतेच.

तात्पर्य, 'यीस्टचे तेल' हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'तिळाचे तेल' या शब्दांत तेलाचे उगमस्थान सांगितलेले असते. 'यीस्टचे तेल' म्हणताना ते सांगावयाचे राहून जाते. या इंधनाचे मोल ठरविताना ते कशाचे, हे प्रथम विचारले पाहिजे.