काचबिंदूची विजेतून मिळणारी चाहूल

काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे तंतू हळूहळू मरत जातात. हे तंतू दृष्टिपटलातल्या गँग्लिऑन पेशींचे; एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख. डोळा सहसा दुखत नाही, समोरचे नीट दिसत राहते, त्यामुळे रुग्ण बेसावध असतो. नजरेचा परीघ तपासणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत यातल्या पाव किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात. ओसीटी हे डोळ्याचे स्कॅन तंतूंच्या थराची जाडी मोजते. पण आजारी पेशी मरण्यापूर्वी काही काळ जागेवरच असते, फक्त तिचे काम मंदावते. जाडी तेवढीच दिसते. अशी पेशी हुडकायची तर तिची वीज मोजायला हवी.

प्रकाश पडताच डोळ्यात सूक्ष्म विद्युत बदल होतो, हे स्वीडनच्या फ्रितियोफ होल्मग्रेन यांनी १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यावर दाखवले. त्यावरूनच पुढे दृष्टिपटलाची वीज टिपणारी ईआरजी (इलेक्ट्रोरेटिनोग्राम) तपासणी आली. मात्र लखकन प्रकाश टाकून काढलेल्या नेहमीच्या ईआरजीत पहिली लाट प्रकाशग्राही पेशींची असते आणि दुसरी मुख्यतः द्विध्रुवी पेशींमुळे उठते. गँग्लिऑन पेशींचा तिथे फारसा वाटाच नाही. म्हणून काचबिंदू बराच वाढला तरी हा आलेख जवळपास धडधाकट दिसतो.

गँग्लिऑन पेशींची वीज टिपण्याची वाट सापडली ती इटलीत. मांजराच्या डोळ्याची नस कापली की गँग्लिऑन पेशी झडतात. तशा डोळ्यात प्रकाशझोताला प्रतिसाद टिकतो, पण बदलत्या नक्षीला मिळणारा प्रतिसाद नाहीसा होतो, असे माफेई आणि फिओरेंतिनी या संशोधकांना १९८१ मध्ये आढळले. ‘पॅटर्न ईआरजी’ याच तत्त्वावर चालते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी सतत अदलाबदल करतात आणि खालच्या पापणीत ठेवलेला बारीक तारेचा इलेक्ट्रोड प्रतिसाद टिपतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालत नाहीत; चष्मा मात्र योग्य नंबरचा लागतो, कारण नक्षी धूसर झाली की लाट खुजी होते. सुमारे ९५ मिलिसेकंदांवरची खाली जाणारी लाट गँग्लिऑन पेशींची. तिची उंची जेमतेम काही मायक्रोव्होल्ट, पापणी लवली तरी त्याहून मोठी खळबळ होते. त्यामुळे शंभराहून अधिक अदलाबदलींची सरासरी काढावी लागते. १९९९ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून आणखी एक मंद लाट काचबिंदूशी जोडली गेली. ती निळ्या पार्श्वभूमीवर लाल झोत टाकून चांगली मिळते आणि तिला नक्षीची गरज नसते.

काचबिंदूचा संशय असलेल्यांवरच्या २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात पॅटर्न ईआरजीतली घट तंतूंच्या थराच्या जाडीतल्या तेवढ्याच घटीच्या कित्येक वर्षे आधी दिसली. डोळ्याचा दाब उतरवल्यावर काही रुग्णांत लाट पुन्हा उंचावते, ही तर अधिक मोलाची गोष्ट: म्हणजे त्या पेशी अजून जिवंत होत्या.

तरीही ही तपासणी सर्रास वापरात नाही. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एकाच माणसाचेही दोन भेटींत थोडे वेगळे येतात. मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार असला तरी लाट घटते. म्हणून तिचा अर्थ डोळ्याचा दाब, नसेची तपासणी, ओसीटी आणि फील्ड टेस्ट यांच्या जोडीनेच लावतात.